जळगावच्या कडेचं अनुदानित हायस्कूल: फ्लेक्सवरचे उपक्रम खरंच चालतात का, हे कसं ओळखायचं

ताई, आधी तुमचा प्रश्न मला कळला तसा मांडतो, काही सुटलं तर सांगा. मिस्टरांची बदली झाली म्हणून तुम्ही पुण्याहून जळगावला आलात, घर शहराच्या कडेला एमआयडीसीच्या अंगाला नवीन कॉलनीत घेतलंय. मुलगी इंग्लिश मिडियमला सातवी झाली, आता आठवी. घरापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर एक जुनं अनुदानित हायस्कूल आहे, गेटवर भलामोठा फ्लेक्स आहे आणि त्याच्यावर एनसीसी, स्काऊट-गाईड, अटल लॅब, सेमी इंग्रजी (म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीतून), एनएमएमएस शिष्यवृत्ती, चित्रकला ग्रेड परीक्षा, हरित सेना असं सगळं लिहिलंय. नातेवाईक म्हणतात तिथे कशाला, तिथे दालमिलमध्ये नि चटईच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची पोरं जातात, सरळ व्हॅन लावा आणि सीबीएसईला टाका. आणि तुम्ही विचारताय की फ्लेक्सवर लिहिलंय ते खरंच चालतं का.

यात खरं तर दोन प्रश्न एकत्र झालेत. शाळा चांगली आहे का हा एक, आणि शाळेत जे आहे ते तुमच्या मुलीपर्यंत पोचेल का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर कोणीही देईल, चहाच्या टपरीवर पण मिळेल. दुसऱ्याचं उत्तर तुम्हाला स्वतः जाऊन काढावं लागेल, मी फक्त कसं काढायचं ते सांगू शकतो.

मी याच जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमधून रिटायर झालो, गणित-विज्ञान शिकवायचो, शेवटी पर्यवेक्षक होतो. तुमच्या घराजवळची शाळा मी आतून बघितलेली नाही, त्यामुळे तिच्याबद्दल बरं-वाईट काहीच बोलणार नाही. शिवाय बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर आहेत: मुलीला स्वतःला काय वाटतं, घरी संध्याकाळी तिच्याजवळ बसायला कोणाला वेळ आहे, दोन-तीन वर्षांत तुमची परत बदली होणार का. हे मला माहीत नाही, म्हणून "टाका" किंवा "टाकू नका" असं एका शब्दात सांगत नाही.

फ्लेक्स बहुतेक वेळा खोटा नसतो. एनसीसीचा ट्रूप मंजूर असतो, लॅबचं सामान आलेलं असतं, स्काऊटची नोंदणी झालेली असते. पण मंजूर असणं वेगळं आणि दर आठवड्याला चालू असणं वेगळं. हा फरक कुठून येतो ते समजायला अनुदानित शाळेचा पैसा कसा चालतो ते थोडं बघावं लागेल.

अनुदानित म्हणजे शाळा संस्थेची, पण मान्य पदांवरच्या शिक्षकांचा आणि शिपाई-क्लार्कचा पगार सरकार देतं. त्यामुळे फी जवळपास नाहीच, मुलींना तर बारावीपर्यंत शिक्षण फुकट, आठवीपर्यंत पुस्तकं आणि दुपारची खिचडी पण मिळते. पगार सोडून बाकी खर्चाला जे मिळतं त्याला वेतनेतर अनुदान म्हणतात, ते तुटपुंजं असतं आणि वेळेवर येईलच असं नाही. खडू, लाईटबिल, संडासबाथरूमची साफसफाई, प्रयोगशाळेतलं ॲसिड, सगळं त्यातच. म्हणजे उपक्रमासाठी वेगळा पैसा असा शाळेकडे नसतोच. प्रायव्हेट शाळा फी घेते आणि त्या फीमधून कोच ठेवते, डान्सचा सर ठेवते. इथे तसं काही नाही, इथे जे चालतं ते एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी अंगावर घेतलं म्हणून चालतं. ते रिटायर झाले की पुष्कळदा उपक्रम पण रिटायर होतो, फ्लेक्स मात्र तोच राहतो.

दुसरं म्हणजे पदं. दरवर्षी ३० सप्टेंबरची पटसंख्या यू-डायसवर, म्हणजे सरकारच्या शाळांच्या ऑनलाईन नोंदीत जाते, मुलांचं आधार जुळवलं जातं, त्यावरून संच मान्यता होते आणि शाळेला किती शिक्षक ते ठरतं. पट घसरला की एक पद जातं, एक सर अतिरिक्त होऊन दुसऱ्या शाळेत समायोजित होतात. चित्रकला, पीटी यांची पदं तर फार अवघड झालीयेत, एकदा ड्रॉइंगचे सर गेले की त्यांच्या जागी लवकर कोणी येत नाही, मग मराठीच्या मॅडम ड्रॉइंगचा तास "घेतात", म्हणजे पोरं वह्या पूर्ण करत बसतात. म्हणून मी कोणालाही सांगतो की फ्लेक्स वाचू नका, स्टाफरूमच्या बाहेर लावलेलं टाइमटेबल वाचा. ज्या उपक्रमाला टाइमटेबलमध्ये तास आहे किंवा शाळेच्या आधी-नंतर ठरलेली वेळ आहे आणि ज्याच्यापुढे एका माणसाचं नाव आहे तो चालू आहे असं समजा, बाकीचं २६ जानेवारीपुरतं.

हे काही आजचंच नाही. आपल्याकडे अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये साने गुरुजी १९२४ ते १९३० शिक्षक होते, वसतिगृह पण सांभाळायचे. पोरांसाठी हाताने लिहून रोजचा अंक काढायचे, तो वाचायला पोरं वाट बघायची. त्याला कुठलं अनुदान नव्हतं आणि कुठली योजना पण नव्हती. १९३० ला ते सत्याग्रहात गेले. सांगायचा मुद्दा एवढाच की शाळेतला उपक्रम माणसासोबत येतो आणि माणसासोबत जातो, तेव्हाही आणि आताही, म्हणून माणूस कोण ते आधी विचारा.

आता शाळेच्या इतिहासाबद्दल, कारण तुम्ही लिहिलंय की गेटवर स्थापना १९७० च्या आसपासची आहे आणि जुनी म्हणजे चांगली असं समजायचं का. नाही, पण जुनीचा काही फायदा असतो. त्या काळात आपल्याकडे गावोगाव हायस्कुलं निघाली, शेतकऱ्यांनी, सोसायटीवाल्यांनी वर्गणी काढून, कोणी जागा दिली, कोणी विटा दिल्या. तेव्हा एसएससी अकरावीला असायची, नवीन पॅटर्नची दहावीची पहिली परीक्षा १९७५ ला झाली. बऱ्याच शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये ही दोन्ही पिढ्यांची नावं आहेत. ज्याला आपण आज कडेची कॉलनी म्हणतो ते तेव्हा वेगळं गाव होतं, शाळा गावाची होती, सरपंचाचा पोरगा आणि सालदाराचा पोरगा एकाच बाकावर. मग एमआयडीसी वाढली, शेतांचे प्लॉट पडले, २००३ ला जळगावची महापालिका झाली, कॉलन्या आल्या आणि कॉलनीतली पोरं पिवळ्या व्हॅनमध्ये बसून दुसरीकडे जायला लागली. शाळेत राहिले गावठाणातले, झोपडपट्टीतले आणि बाहेरून कारखान्यात कामाला आलेल्यांचे. आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येणाऱ्या मुली पण असतात, अहिल्याबाई होळकर योजनेत त्यांना पास फुकट असतो. म्हणजे शाळा तीच, तिच्या भोवतीचं गाव बदललं.

याचा तुमच्याशी संबंध काय? एक तर जुन्या शाळेकडे मैदान असतं. नव्या शाळा तीन मजली आणि खाली पार्किंग, जुनीकडे पूर्वीच्या वर्गणीतली एकर-दोन एकर जागा असते. अर्थात ते मैदान शिल्लक आहे का ते बघा, रस्त्याच्या बाजूने गाळे काढून भाड्याने दिलेत का, सुट्टीत लग्नाला देतात का, पावसाळ्यात तिथे तळं होतं का. दुसरं म्हणजे माजी विद्यार्थी. आपल्याकडे माजी विद्यार्थ्यांच्या बॅचचे व्हॉट्सॲप ग्रुप फार जोरात आहेत, दिवाळीत भरीत पार्टी करतात आणि त्या पार्टीत दोन भरताच्या घासांमध्ये शाळेला आरओ, प्रोजेक्टर, सायकली असं काहीबाही ठरतं. हसू नका, मी स्वतः अशा पार्टीतून प्रयोगशाळेचं बेसिन मिळवलंय. ज्या शाळेची पोरं परत येतात तिथे काहीतरी होतं असं धरायला हरकत नाही.

आता एकेक उपक्रम घेतो. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, कारण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

सगळ्यात आधी एनएमएमएस, कारण याच्याकडे पालकांचं लक्ष सर्वात कमी असतं. ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, परीक्षा आठवीत होते, आपल्याकडे ती पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. दोन पेपर, एक बौद्धिक क्षमतेचा आणि एक शालेय विषयांचा, प्रत्येकी ९० प्रश्न. पास होऊन कोट्यात बसलं की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. अट अशी की पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीला ५५ टक्के हवेत, एससी-एसटीला ५ टक्के सूट. आणि मुख्य अट म्हणजे मूल सरकारी, जिल्हा परिषद-महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असलं पाहिजे. विनाअनुदानित आणि प्रायव्हेट शाळेतल्या मुलांना बसताच येत नाही. पुढची चार वर्षं पण सरकारी किंवा अनुदानितच शाळा-कॉलेज लागतं. ज्यांनी व्हॅन लावली त्यांच्यासाठी हा रस्ता बंद.

तुमचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या वर असणार हे मी गृहीत धरतो, म्हणजे पैसे तुमच्या मुलीला मिळणार नाहीत. तरी पण एनएमएमएसबद्दल नक्की विचारा, कारण शाळा जिवंत आहे की नाही याची ही माझ्या मते सगळ्यात चांगली खूण आहे. याच्या तयारीला टाइमटेबलमध्ये जागा नसते. जून-जुलैपासून शाळा भरायच्या आधी तास-पाऊण तास कोणीतरी सर रोज पोरांना घेऊन बसतात, बुद्धिमत्तेचे प्रश्न सोडवून घेतात, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी पालकांना तहसीलला पाठवतात, फॉर्म भरतात, फोटोची साईज बसत नाही म्हणून परत काढायला लावतात, आणि हे सगळं एक पैसा जास्त न घेता. आमच्याकडे एकदा यादी लागली की दुसऱ्या वर्षी पालक शाळेत यायचे, "सर, मन्ही पोरनं बी नाव लिखी ल्या" म्हणायचे, ज्यांनी आधी कधी शाळेची पायरी चढली नव्हती ते. म्हणून विचारा की गेल्या वर्षी किती बसले, किती लागले, आणि लागलेल्यांचं नूतनीकरण कोण करतं. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दरवर्षी पोर्टलवर अर्ज परत भरावा लागतो आणि तो राहिला की पोरीचे पैसे बंद. जी शाळा नूतनीकरणाचं रजिस्टर काढून दाखवते तिथे काम चालतं हे मी डोळे मिटून सांगेन. त्या सकाळच्या वर्गात तुमची मुलगी नुसती बसली तरी कोणी उठवत नाही, आणि आठवीत बुद्धिमत्तेचे एवढे प्रश्न सोडवणं कुठल्याही परीक्षेला कामालाच येतं. मराठा-कुणबी पोरांना एनएमएमएस पास होऊन कोट्यात नाही बसलं तर सारथी या सरकारी संस्थेची वेगळी शिष्यवृत्ती आहे, ते पण लक्षात ठेवा, शेजारीपाजारी सांगायला कामी येईल.

जुनी स्कॉलरशिप परीक्षा वेगळी, ती आधी चौथी-सातवीला होती, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला झाली आणि आता परत इयत्तांची फिरवाफिरव सुरू झालीय, त्यामुळे त्या वर्षी काय आहे ते शाळेतच विचारा.

एनसीसी. मुलगी आठवीला येतेय म्हणजे बरोबर वयात येतेय, ज्युनिअरला आठवी-नववीत भरती होते, दोन वर्षं करायचं, हजेरी ७५ टक्के लागते, एक कॅम्प, मग "ए" सर्टिफिकेटची परीक्षा. मुलींच्या तुकडीला ज्युनिअर विंग म्हणतात. इथे तीन गोष्टी विचारा. एनसीसी बघणारे सर किंवा मॅडम ट्रेनिंग करून आलेत का, सर असतील तर कामठीला जातात, मॅडम असतील तर ग्वाल्हेरला, आणि गेलेले असले तर ते तुम्हाला न विचारताच सांगतील, अभिमानाची गोष्ट असते ती. दुसरं, मुलींच्या जागा मंजूर आहेत का, काही शाळांमध्ये फक्त मुलांचा ट्रूप असतो आणि फ्लेक्सवर नुसतं एनसीसी लिहिलेलं असतं. तिसरं, परेडच्या दिवशी नाश्ता मिळतो का. हे ऐकायला किरकोळ वाटतं पण परेड होते की नाही हे कळायचा हा सगळ्यात सोपा उपाय आहे, कारण पोरं परेड विसरतील, नाश्ता नाही विसरत. गेटवर एखाद्या कॅडेटलाच विचारा. शाळेत "ए" झालं म्हणजे लगेच काही नोकरी लागत नाही, कॉलेजात "बी" आणि "सी" केलं तर पुढे सैन्यभरतीत उपयोग होतो. पण आठवीची मुलगी आठ-दहा दिवस कॅम्पला राहून स्वतःचे कपडे धुवून, दुसऱ्या तालुक्यातल्या पोरींशी भांडून-मैत्री करून परत येते, हे मी बघितलंय, आणि पालकांना घरी आलेली पोर ओळखू येत नाही.

स्काऊट-गाईड थोडक्यात: प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान आणि मग राज्य पुरस्कार अशी चढण असते. शाळेतून गेल्या तीन-चार वर्षांत कोणी राज्य पुरस्काराला गेलं का विचारा. नाही म्हटलं तर समजा नुसत्या ड्रेसवर थांबलंय. हरित सेनेबद्दल काय सांगू, जुलैत झाडं लावतात, फोटो काढतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा त्यातली किती झाडं उभी आहेत ते बघा, विचारायची गरजच नाही.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा कला संचालनालयाच्या, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन असे पेपर. दोन्ही पास असेल तर इंटरमिजिएटच्या ग्रेडप्रमाणे दहावीला वाढीव गुण मिळतात, ए ला ७, बी ला ५, सी ला ३. त्यासाठी आठवीला एलिमेंटरी आणि नववीला इंटरमिजिएट असा हिशोब बसतो, म्हणजे तुमच्या मुलीने याच वर्षी फॉर्म भरला पाहिजे. ड्रॉइंगचे सर आहेत का एवढंच बघा. नसतील तर शाळा फॉर्म भरून देईल, शिकवायचं तुम्हाला बाहेर बघावं लागेल.

अटल लॅब हा मोठा विषय आहे. नीती आयोगाची योजना, निवड झालेल्या शाळेला टप्प्याटप्प्याने २० लाखांपर्यंत, त्यात थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, रोबोटिक्सचं किट. सामान येतं ते चांगलं येतं. अडचण अशी की ते महाग असतं, डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत चढलेलं असतं, आणि ज्या सरांच्या नावावर आहे त्यांना भीती असते की पोरांनी तोडलं तर भरून कोण देणार, ऑडिटला काय दाखवणार. म्हणून कुलूप. सरांना दोष देऊन उपयोग नाही, पगारातून कापलं जायची भीती खरी असते. मी अशा लॅब बघितल्यात की प्रिंटरचं प्लास्टिकचं कव्हर निघालेलंच नाही, आणि अशा पण बघितल्यात की पोरांनी शेतातल्या मोटारीला मोबाईलवरून चालू-बंद करायचं जुगाड बनवलंय, कारण घरी रात्री लाईट आली की बापाला उठून शेतात जावं लागतं. तर लॅब बघायला गेलात की सामान नका बघू. कचऱ्याचा डबा बघा, वायरीचे तुकडे, जळालेला सेन्सर, मोडलेली मोटार दिसली की समजा पोरांचे हात लागतायत. चकचकीत लॅब म्हणजे बंद लॅब. यालाच जोडून इन्स्पायर अवॉर्ड, शाळा सहावीपासून पुढच्या मुलांच्या कल्पना ऑनलाईन पाठवते आणि निवड झाली की मुलाच्या खात्यात १०,००० येतात मॉडेल बनवायला. तुमच्या मुलीला यात गोडी असेल तर विज्ञानाच्या सरांना पहिल्याच महिन्यात भेटा, कल्पना मागवायचा काळ पटकन निघून जातो.

खेळाचं मी फार सांगत नाही, आमच्याकडे खो-खो आणि कबड्डी सोडून फारसं काही नव्हतं. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा होतात आणि वरच्या पातळीला गेलं की दहावीला त्याचेही गुण मिळतात, किती ते पातळीवर. मार्चपासून सकाळची शाळा होते, ऊन वाढतं, त्यामुळे खेळाचं जे काय असेल ते जुलै ते जानेवारीत.

आता नातेवाईकांचा मुद्दा. "तिथे मजुरांची पोरं जातात" हे खरंच आहे, आणि त्याचे परिणाम असतात ते मी झाकणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत खेड्यावरची पोरं आठ-आठ दिवस गायब, कानबाईच्या सणाच्या सोमवारी अर्धा वर्ग रिकामा, घरी अभ्यास घ्यायला कोणी नसल्यामुळे शिक्षकाला मागचंच परत परत शिकवावं लागतं. तुमची मुलगी हुशार असेल तर तिला कधीकधी वर्गात कंटाळा येईल. पण दुसरी बाजू अशी की अशा वर्गात जे मूल पुढे येतं त्याच्यामागे सगळा स्टाफ लागतो. विज्ञान प्रदर्शन, वक्तृत्व, एनसीसी, गॅदरिंगचं निवेदन, सगळीकडे तिचंच नाव. मोठ्या प्रायव्हेट शाळेत एका तुकडीत असल्या पंधरा मुली असतात आणि स्टेजवर दोनच जातात. आठवी ते दहावी या वयात स्टेज मिळणं माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे, तुम्हाला तशी वाटेलच असं नाही. पुढे अकरावीला जेईई-नीटचा क्लास लावायचं पक्कं असेल आणि आत्तापासूनच फाउंडेशन हवं असेल, तर ही शाळा ते देणार नाही, बाहेरून करावं लागेल, तेवढं आधीच ठरवून घ्या.

मी स्पष्ट नको म्हणेन ते दोन-तीन ठिकाणी. मुलींच्या बाथरूमला पाणी नसेल किंवा कडी नसेल, तर बाकी काही बघू नका, परत या. सेमी इंग्रजी म्हणून सांगतात पण गणिताचे सर पुस्तक इंग्रजी आणि शिकवणं पूर्ण मराठीत, पेपर पण मराठीत चालेल म्हणतात, तर तुमच्या मुलीची दोन्हीकडून ओढाताण होईल. आणि हेडसर प्रत्येक प्रश्नाला "हो, आहे ना" म्हणतायत आणि कोणाही सरांना बोलवत नाहीयेत, तर तिथे काहीच नाहीये. चांगले हेडमास्तर पटकन म्हणतात, ताई, स्काऊटचं सध्या बंद आहे, सर रिटायर झाले, पण एनसीसी बघा. अशा माणसावर विश्वास ठेवा.

इंग्लिश मिडियममधून येण्याबद्दल: गणित-विज्ञान तिला सेमीत सोपं जाईल, अडचण मराठीची आणि सामाजिक शास्त्रांची, मराठीत लांब उत्तर लिहायची सवय नसते. पहिल्या सहामाहीत मार्क कमी पडतील, घाबरू नका. बोलीची मजा वेगळीच, डब्याच्या सुट्टीत अहिराणी नि तावडी ऐकून महिनाभर ती गोंधळेल, दिवाळीपर्यंत तुमच्याशीच "काय चाली राह्यनं" करून बोलेल.

शाळेत कधी जायचं ते सांगतो. ॲडमिशनच्या गर्दीत जूनमध्ये गेलात तर सगळे गोडच बोलतात. शक्य असेल तर शाळा चालू असताना एखाद्या शनिवारी सकाळी मुलीला घेऊनच जा, शनिवारी कवायत असते, मैदानावर कोण कोणाला काय करवून घेतंय ते उघड्या डोळ्यांनी दिसतं. टाइमटेबल बघा, एनएमएमएसचे सर कोण ते विचारा, लॅबची किल्ली कोणाकडे असते ते विचारा, बाथरूम मुलीला स्वतःला बघू द्या. मग हेडसरांना भेटा, आधी नाही. आणि बाहेर पडल्यावर मुलीलाच विचारा काय वाटलं, तुम्ही सांगू नका.

कागदांचं म्हणाल तर पुण्याच्या शाळेचा दाखला, सातवीचं प्रगतीपत्रक, आधार, आणि तिचा यू-डायसवरचा पेन नंबर (मुलाचा कायमचा नंबर असतो तो) आणा. आधारवरचं आणि दाखल्यावरचं नाव-जन्मतारीख तंतोतंत जुळते का ते आत्ताच बघून घ्या, आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, सगळं. नाहीतर एनसीसी, इन्स्पायर, दहावीचा फॉर्म, प्रत्येक ठिकाणी तेच अडतं, आणि एकदा दहावीच्या फॉर्मवर चुकीचं गेलं की नाशिक बोर्डाच्या फेऱ्या. पुण्याच्या शाळेने दाखला दिला तरी ऑनलाईन मुलगी तिकडून सोडलेली दिसली पाहिजे, ३० सप्टेंबरच्या आधी ते करून घ्या, क्लार्कच्या मागे लागावं लागलं तरी लागा.